मागणी आधी कोणी केली?

पोलिसी चित्रपटांतील नायक हळूहळू बदलत गेला आहे. १९८३ साली आलेल्या 'अर्धसत्य'मधील सब-इन्स्पेक्टर वेलणकर हा व्यवस्थेच्या सापळ्यात स्वतःच सापडलेला माणूस होता. त्याच्या हातून जे घडे त्याने तो अस्वस्थ होई आणि ती अस्वस्थता हाच त्या चित्रपटाचा विषय होता. पुढे चकमकींत नाव कमावणाऱ्या अधिकाऱ्यांचे पर्व आले. आता त्यांच्या जोडीला सापळा रचणारा अधिकारी आला आहे. तो वेषांतर करतो, सावजाशी दोस्ती जोडतो, त्याला बोलते करतो, छुप्या कॅमेऱ्यासमोर नोटांची बॅग त्याच्या पुढ्यात सरकवतो. तो गोळी झाडत नाही, म्हणून आपल्याला अधिक सुसंस्कृत वाटतो. बॅग स्वीकारली गेली, दार उघडून पोलीस आत शिरले, की प्रेक्षागृहात टाळ्या पडतात आणि त्या टाळ्यांत एक प्रश्न बुडून जातो. आपण पाहिलेला गुन्हा पोलिसांनी पकडला, की तो त्यांनीच घडवला?

सापळा लावणे आणि फशी पाडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाश्चात्त्य कायद्यात दुसऱ्या गोष्टीला 'एंट्रॅपमेंट' असे नाव आहे. मराठीत तिला रूढ संज्ञा नाही, कारण आपल्या कायद्याने तिला स्वतंत्र स्थानच दिलेले नाही. धान्याच्या वखारीत शिरणाऱ्या उंदरासाठी पिंजरा ठेवणे हा सापळा. पण उंदराच्या बिळापासून वखारीपर्यंत शेंगदाण्यांची रांग मांडून मग त्याला चोर ठरवणे, याला काय म्हणावे? पहिल्या प्रकारात गुन्ह्याचा बेत गुन्हेगाराच्या डोक्यात आधीपासून असतो आणि पोलीस केवळ वाट पाहतात. दुसऱ्यात बेत पोलिसांच्या डोक्यात जन्मतो आणि समोरच्या माणसाला त्यात भूमिका दिली जाते.

या कसोटीवर तीन चित्रपट तपासून पाहण्यासारखे आहेत. २०१३ च्या 'स्पेशल छब्बीस'ला १९ मार्च १९८७ रोजी मुंबईत ऑपेरा हाऊसजवळच्या एका जवाहिऱ्याच्या पेढीवर पडलेल्या बनावट सीबीआय छाप्याचा आधार आहे. चित्रपटात खऱ्या सीबीआयच्या अधिकाऱ्याला टोळीचा बेत आधीच कळतो. तो टोळीला थांबवत नाही. जवाहिऱ्याला खरे दागिने हलवून खोटे मांडायला सांगतो आणि दबा धरून बसतो. शेवटी फजिती त्याचीच होते हा भाग वेगळा. परंतु त्याने कोणाला फशी पाडले असे म्हणता येणार नाही. बेत, माणसे, मुहूर्त, सारे टोळीचे होते. २०२२ च्या 'दृश्यम २'मधील सापळा याहून खोल आहे. गोव्यातील साळगावकर कुटुंबाच्या शेजारी राहायला आलेले जोडपे प्रत्यक्षात पोलिसांचे असते, आणि गृहिणी ज्या मैत्रिणीजवळ मन मोकळे करते ती मैत्रीण ते शब्द वर कळवते. इथेही नवा गुन्हा घडवलेला नाही. जुन्या गुन्ह्याची कबुली चोरून मिळवली आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे तत्त्व आपल्या पुराव्याच्या कायद्यात १८७२ पासून होते आणि नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. अधिकाऱ्याने गणवेश उतरवून शेजारणीची साडी नेसली तर त्या तत्त्वाचे काय होते, हा प्रश्न मात्र पटकथेला पडत नाही. तरीही याला फसवणूक म्हणता येईल, फशी पाडणे म्हणता येणार नाही.

तिसरा चित्रपट अमेरिकन आहे. २०१३ च्या 'अमेरिकन हसल'मागे १९७८ ते १९८० या काळात तेथील एफबीआय या तपास यंत्रणेने चालवलेल्या 'ॲबस्कॅम' मोहिमेची कथा आहे. एका काल्पनिक अरब शेखाच्या नावाने लोकप्रतिनिधींना पैसे देऊ करायचे आणि ते घेताना त्यांचे चित्रण करायचे, अशी ही मोहीम होती. तीत एक सिनेटर आणि प्रतिनिधिगृहाचे सहा सदस्य दोषी ठरले. चित्रपटाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. अधिकारी उतावीळपणे नोटांची बॅग एका महापौरापुढे सरकवतो. महापौर दुखावतो, बॅग नाकारतो आणि उठून निघून जातो. मग यंत्रणेने हाताशी धरलेला एक भामटा त्याच्यामागे धावतो, शहराचे भले, लोकांना रोजगार अशी त्याला प्रिय असलेली भाषा बोलतो आणि त्याला परत वळवतो. माणूस एकदा 'नाही' म्हणाला होता. त्यानंतर जे घडले त्याचा कर्ता कोण? दिग्दर्शकाने हा प्रसंग गाळला नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानले पाहिजे. बहुतेक चित्रपट नेमका हाच प्रसंग गाळतात. त्यांचा कॅमेरा बॅग स्वीकारली जाते त्या क्षणी सुरू होतो.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्र शिकवतो, कायदा नव्हे. तरी या विषयात त्याने नाक खुपसण्याचे कारण 'मागणी' हा शब्द आहे. वर्गात मागणी शिकवताना आम्ही सांगतो की ती गिऱ्हाइकाकडून येते आणि विकणारा पुरवठा करतो. लाचेच्या कायद्यात मात्र मागणी विकणाऱ्याची असते. सही, शिक्का, परवाना ज्याच्या हाती आहे तो मागतो, आणि ज्याला तो हवा आहे तो पुरवतो. हे उलटे गणित वर्गात सांगितले की मुले हसतात. वाशी-तुर्भ्याच्या परिसरातील मुलांना ते फार समजावून सांगावेही लागत नाही. एपीएमसी मार्केट त्यांच्या घरांत रात्रपाळी करून येते. कोणाचे वडील माथाडी, कोणाचे मापाडी, कोणाचे मामा गाळ्यावर मेहता. मशीद बंदर, भायखळा आणि क्रॉफर्ड मार्केटमधला घाऊक व्यापार ऐंशीच्या दशकापासून टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे आला; भाजीपाला आणि फळे १९९६ पर्यंत आली. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, भाजी, फळे असे पाच बाजार एका आवारात नांदतात. जिथे इतके ट्रक, इतकी वजने, इतके दाखले आणि इतके शिक्के असतात, तिथे प्रत्येक टेबलापाशी थोडी वाट पाहावी लागते. आणि नाशवंत मालाच्या मालकाला वाट पाहणे परवडत नाही. लाचेचे मूळ अर्थशास्त्र एवढेच आहे.

याच आवारात आमिषाचे अर्थशास्त्रही शिकता येते. कांद्याचा भाव पडलेला असला की चाळीतला कांदा चाळीतच राहतो. भाव चढला की जो कांदा विकायचा नाही असे ठरले होते तोही ट्रकमध्ये चढतो. पुरवठा हा भावावर अवलंबून असतो हा नियम कांद्याला लागू आहे तसाच दुर्दैवाने सचोटीलाही लागू आहे. समजा, एखाद्या आवारात आवक नोंदवणारा कारकून गाडी लवकर सोडण्यासाठी शंभर-दोनशे रुपये मागतो अशी तक्रार आली, आणि पोलिसांनी ओल्या नोटांनिशी तक्रारदाराला पाठवून त्याला धरले. बाजारात चालू असलेल्या भावानेच हा व्यवहार झाला. आता दुसरे चित्र पाहा. कोणाचीही तक्रार नाही. व्यापाऱ्याच्या वेषातील अधिकारी त्या कारकुनाच्या घरी आजारपण आहे हे हेरून पाच लाख रुपये पुढे करतो आणि एका खोट्या नोंदीची विनवणी करतो. तो आठवडाभर नाही म्हणतो आणि नवव्या दिवशी हात पुढे करतो. या दुसऱ्या प्रयोगात काय सिद्ध झाले? तो भ्रष्ट होता हे सिद्ध झाले नाही. पाच लाखांना आणि नवव्या दिवशी तो मोडतो, एवढे सिद्ध झाले. कोणाच्या सचोटीची ही किंमत काढायची म्हटले तर फार थोड्या लोकांना निश्चिंत झोप लागेल, आणि त्यांत प्राध्यापकांची संख्या मोठी असेल असे वाटत नाही.

ब्रिटनच्या लॉर्डस सभेने २००१ साली लूसली खटल्यात जी कसोटी सांगितली ती या दृष्टीने लक्षणीय आहे. कोणाही सामान्य गिऱ्हाइकाने दिली असती तेवढीच संधी पोलिसांनी दिली, की त्याहून काही अधिक केले, हे तपासावे असा तिचा आशय आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर आमिष बाजारभावाचे असावे. सरकारने बाजारभावाच्या वर बोली लावली की ते अस्तित्वात असलेला गुन्हा उघडकीस आणत नाही. नव्या गुन्ह्याचा पुरवठा निर्माण करते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाला ही जाणीव फार आधी झाली होती. राव शिवबहादूर सिंह हे तत्कालीन विंध्य प्रदेशाचे मंत्री. पन्ना येथील हिऱ्यांच्या खाणीच्या प्रकरणात पंचवीस हजार रुपयांची लाच घेताना ते १९४९ साली दिल्लीत पकडले गेले. १९५४ च्या निकालात न्यायालयाने त्यांना सोडले नाही. पण लाच देणाऱ्याजवळ पैसे नसताना ते पोलिसांनीच उभे करून दिले, याबद्दल स्पष्ट नापसंती व्यक्त केली. गुन्हे रोखणे हे पोलिसांचे काम, गुन्ह्याचे साहित्य पुरवणे हे नव्हे, असा त्या नापसंतीचा रोख होता. दोन वर्षांनी रामजनम सिंह खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. गुन्हा करायला निघालेल्या माणसाला उघडे पाडणे वेगळे आणि ज्याने तो न करण्याचे ठरवले आहे त्याला ढोसून करायला लावणे वेगळे. माणूस कसाही असला तरी कायद्याच्या रखवालदारांकडून आपल्या सहनशक्तीपलीकडचा मोह दाखवला जाणार नाही, एवढी अपेक्षा बाळगण्याचा त्याला अधिकार आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. सत्तर वर्षे होत आली, पण पोलिसी चित्रपट लिहिणाऱ्यांनी तो वाचल्याचे दिसत नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे शर्मन नावाच्या माणसाचा खटला आला. व्यसनातून सुटण्यासाठी तो एका डॉक्टरकडे उपचार घेत होता. तिथेच त्याला दुसरा एक रुग्ण भेटला. आपल्याला औषध लागू पडत नाही, यातना सोसवत नाहीत, कुठून तरी थोडे आणून दे, असे तो पुन्हा पुन्हा विनवू लागला. शर्मन टाळत राहिला आणि शेवटी नमला. विनवणारा पोलिसांचा खबऱ्या होता. न्यायालयाने एकमताने शिक्षा रद्द केली. या प्रसंगावर चित्रपट काढायचा तर नायक कोणाला करावे, हा पटकथाकाराला घाम फोडणारा प्रश्न आहे.

मग सापळे नकोतच का? तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. चोरी झाली की ज्याचे चोरीला गेले तो ठाण्यात येतो. काही गुन्हे मात्र असे असतात की त्यांत देणारा आणि घेणारा दोघेही खूष असतात. तक्रार करायला कोणी उरतच नाही. हापूसच्या हंगामात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची फळबाजारातील जुनी रीत अनेकांनी पाहिली असेल. रुमालाबाहेर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आत काय ठरले ते दिसत नाही. हे गुन्हे तसे रुमालाखालचे असतात. २०२२ च्या सप्टेंबरअखेर महसूल गुप्तचर संचालनालयाने वाशीत एक ट्रक अडवला, तेव्हा परदेशातून आलेल्या संत्र्यांच्या पेट्यांतून १९८ किलो मेथॅम्फेटामाइन आणि ९ किलो कोकेन बाहेर आले. अशा मालाचा ना पाठवणारा तक्रार करतो ना घेणारा. म्हणूनच अमली पदार्थविरोधी कायद्यात २००१ च्या दुरुस्तीने 'नियंत्रित वितरणा'ची तरतूद आली. माल वाटेत न धरता पाळतीखाली पुढे जाऊ द्यायचा आणि तो कोणाच्या दारी उतरतो ते पाहायचे. यात मोह कोणालाच घातलेला नसतो, कारण गिऱ्हाईक आधीच ठरलेले असते.

गर्भलिंग तपासणीचेही तसेच. १९९४ चा कायदा कितीही कडक असला तरी सोनोग्राफीच्या बंद खोलीत डॉक्टर आणि कुटुंब यांच्यात जे ठरते त्याची फिर्याद जन्माला न आलेली मुलगी कशी देणार? साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांच्या 'लेक लाडकी अभियाना'ने गरोदर स्त्रियांना रुग्ण म्हणून पाठवून असे डॉक्टर उघडे पाडले, ते याच कारणाने. त्या मोहिमांचे यश त्यांच्या साधेपणात होते. गेलेली स्त्री इतर स्त्रियांसारखीच विचारी आणि चालू दराचेच पैसे देई. डॉक्टरला काही नवे शिकवावे लागत नसे. त्याचे दरपत्रक तयारच असे. आमिष बाजारभावाचे असावे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

लाचेची गोष्ट या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. काही लाचा अडवणुकीच्या असतात. हक्काच्या कामासाठी ज्याला नाडले जाते तो तक्रार करू शकतो. काही संगनमताच्या असतात. त्यांत सरकारी तिजोरी बुडते आणि दोघे वाटून घेतात. कौशिक बसू केंद्र सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार असताना २०११ साली त्यांनी सुचवले होते की अडवणुकीची लाच देणे हा गुन्हाच मानू नये, म्हणजे देणारा निर्भयपणे तक्रार करील. त्यावर मोठा गदारोळ झाला. २०१८ च्या दुरुस्तीने कायदा उलट दिशेने गेला. लाच देणेही गुन्हा ठरले, मात्र सक्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवणाऱ्याला आणि यंत्रणेला आधी कळवून सापळ्यासाठी देणाऱ्याला सूट मिळाली. संगनमताच्या लाचेला मात्र या सापळ्याचा फारसा उपद्रव होत नाही, कारण तिथे तक्रारदारच नसतो. त्यामुळे सापळ्यात सापडणारे हात बहुधा छोट्या टेबलांवरचे असतात. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांत महसूल आणि पोलीस ही दोन खाती वर्षानुवर्षे आघाडीवर दिसतात, याचेही एक कारण असे की सामान्य माणसाचे काम याच दोन खात्यांशी पडते आणि तक्रार करणारा हा सामान्य माणूसच असतो.

तत्कालीन मुंबई राज्यात १९५७ साली स्थापन झालेल्या या विभागाची सापळ्याची पद्धत या स्तंभाच्या अनेक वाचकांना ऐकून नव्हे, प्रत्यक्ष बसून माहीत असेल. कारण पंच म्हणून बहुधा दुसऱ्या कार्यालयातील सरकारी कर्मचाऱ्यांनाच बोलावले जाते. सकाळी साहेबांचा निरोप येतो, अमुक ठिकाणी हजर व्हा, आणि कशासाठी ते सांगितले जात नाही. तक्रारदार आपली हकिकत पंचांपुढे सांगतो. मग पडताळणी होते. ध्वनिमुद्रक देऊन तक्रारदाराला लोकसेवकाकडे पाठवले जाते, सोबत एक पंच असतो, आणि मागणी खरोखरच होते की नाही ते ऐकले जाते. त्याचा वेगळा पंचनामा होतो. त्यानंतरच नोटांचे क्रमांक लिहून त्यांना पावडर लावली जाते. पावडर अँथ्रासीनची असेल तर अतिनील दिव्याखाली चमकते, फिनॉल्फ्थॅलिनची असेल तर सोड्याच्या पाण्यात बोटे बुडवल्यावर पाणी गुलाबी होते. इशारा ठरतो, डोक्यावरून हात फिरवणे किंवा असेच काही. आणि निघण्यापूर्वी तक्रारदाराला एक सूचना दिली जाते, जी पंचनाम्यात शब्दशः नोंदली जाते. लोकसेवकाने मागितल्याशिवाय नोटा द्यायच्या नाहीत.

चित्रपटांना पावडर आवडते, गुलाबी पाणी आवडते, इशारा तर फारच आवडतो. पडताळणी आणि ही सूचना यांत नाट्य नाही, म्हणून ती पडद्यावर येत नाहीत. वास्तविक सापळा आणि फशी पाडणे यांतील सारी सीमारेषा या दोन नीरस गोष्टींत आहे. मागणी आधी झाली होती की नाही हे पडताळणी सांगते. शेवटच्या क्षणी विचार बदलण्याची मोकळीक समोरच्या माणसाला ठेवली होती की नाही, हे त्या सूचनेवरून कळते. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या आर. एम. मलकानी यांच्या खटल्यात तर नोटा हातात पडल्याच नव्हत्या. मलकानी हे मुंबईचे कॉरोनर. १९६४ साली एका रुग्णाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूची चौकशी त्यांच्यापुढे होती आणि संबंधित डॉक्टरकडून पैसे काढण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. डॉक्टरच्या संमतीने त्याच्या टेलिफोनला ध्वनिमुद्रक जोडला गेला होता, आणि ते मुद्रण न्यायालयाने पुरावा म्हणून ग्राह्य मानले. तिथे महत्त्व नोटांना नव्हते, आवाजाला होते. कोण काय आणि कोणत्या क्रमाने बोलले, हे त्या फितीत होते.

यावर कोणी म्हणेल की कायद्याला मागणी सिद्ध झालेली हवीच असते, मग चिंता कशाची? चिंतेचे कारण आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये नीरज दत्ता खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने मागणी आणि स्वीकार सिद्ध होणे आवश्यक असल्याचे सांगितले, तक्रारदार मरण पावला किंवा उलटला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून ते सिद्ध करता येईल असेही सांगितले. त्याच निकालात असेही स्पष्ट केले आहे की लोकसेवकाने न मागता कोणी पैसे देऊ केले आणि त्याने ते घेतले, तरी तो गुन्हाच. खऱ्या देणाऱ्याच्या बाबतीत हे योग्यच आहे. न मागता आलेली लाच घेणाऱ्याला निर्दोष कोण म्हणेल? पण देऊ करणारा जर सरकारनेच पाठवलेला असेल तर? १८६० च्या दंडसंहितेत 'मला मोहात पाडले' हा स्वतंत्र बचाव नव्हता आणि २०२३ च्या न्याय संहितेतही नाही. न्यायालय फार तर पुराव्याची विश्वासार्हता तोलताना किंवा शिक्षा ठरवताना त्याचा विचार करू शकते. म्हणजे एपीएमसीतल्या माझ्या त्या काल्पनिक कारकुनाला पाच लाखांपासून आणि नवव्या दिवसापासून वाचवणारी गोष्ट कायद्याच्या पुस्तकात जवळजवळ नाहीच; ती पंचनाम्याच्या शिरस्त्यात आहे. आणि शिरस्ता हा सवयीने टिकतो, सवयीने मोडतो.

या ठिकाणी चित्रपटांचा संबंध येतो. चित्रपट पाहून कोणी पोलीस सापळे रचायला शिकतो असे मला वाटत नाही. पण लोक काय खपवून घेतील हे चित्रपट ठरवतात. खासगी माणसांनी छुपे कॅमेरे घेऊन केलेल्या उद्योगांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली रजत प्रसाद खटल्यात सावधगिरीचा सूर लावला आणि एका केंद्रीय राज्यमंत्र्याला २००३ साली पैसे देऊन चित्रण करणाऱ्यांवरचा खटला रद्द करण्यास नकार दिला. त्या चित्रणाने देशभर जी करमणूक झाली तिच्या मानाने या निकालाची चर्चा नगण्य झाली. बॅग सरकवलेली आपण पाहिली, तेवढे पुरे झाले. सरकवणाऱ्याचा हेतू काय होता, आणि त्याआधी किती वेळा त्याने दार ठोठावले होते, हे विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

वर्गात एका मुलाने याच मुद्द्यावर माझ्याशी वाद घातला. पकडलेला माणूस पैसे घेताना दिसतोय ना, मग त्याची बाजू कशाला घ्यायची, असा त्याचा सरळ प्रश्न होता. त्याच्या वडिलांना गाळ्यावर रोज कोणाकोणाला काय द्यावे लागते हे त्याला माहीत होते, त्यामुळे त्याचा राग पुस्तकी नव्हता. मी त्याला एवढेच विचारले की उद्या तूच स्पर्धा परीक्षा देऊन त्या टेबलावर बसलास, आणि तुझ्या साहेबांना तू नकोसा झालास, तर तुला हटवण्याचा सोपा मार्ग कोणता? तो गप्प झाला. त्याचे समाधान झाले असा माझा दावा नाही. वडिलांना रोज पैसे मोजावे लागतात ही त्याची बाजूही खोटी नव्हती, आणि तिचे उत्तर माझ्याजवळ प्रश्नाच्या रूपानेच होते.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचे दृक्श्राव्य चित्रण बंधनकारक केले आहे. स्वागतार्ह गोष्ट आहे. पंचांनी कोऱ्या कागदावर सह्या केल्याच्या तक्रारी त्यामुळे कमी व्हाव्यात. परंतु हा कॅमेरादेखील चित्रपटातल्या कॅमेऱ्यासारखा नोटा सापडण्याच्या वेळी सुरू होतो. सापळ्यांच्या बाबतीत तो कितीतरी आधी, तक्रारदाराने पहिला फोन केला तिथपासून सुरू झाला पाहिजे. पडताळणीचे मुद्रण, मग त्यात मागणी ऐकू आलेली असो वा नसो, पुसले जाता कामा नये. आणि ते सगळेच्या सगळे, सोयीचे तुकडे नव्हेत, आरोपीच्या हाती पडले पाहिजे. पंच म्हणून बोलावणे आलेल्या कारकुनाने किंवा शिक्षकाने सही करण्यापूर्वी ते एकदा ऐकायला मागितले, तर त्याला नाही म्हणण्याचे कोणतेही कारण विभागाजवळ असू नये.